पाळीव प्राण्याचे दुखणे हटत नसेल तर : पशुवैद्यक तज्ज्ञाकडे केव्हा जावे?

दादरच्या राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले बाबासाहेबांचे कौटुंबिक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर आहे. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव असे सारे त्यात दिसतात. त्याच चौकटीत टोबीही आहे. टोबी हा बाबासाहेबांचा आवडता कुत्रा. कुटुंबाच्या फोटोत त्याला जागा मिळाली, कारण त्या घरात तो कुटुंबातलाच होता.

आज आपल्या वस्त्यांत, चाळींत, कॉलन्यांत कुत्रा किंवा मांजर पाळणारी घरे पुष्कळ आहेत. कुणाकडे विकत आणलेला लॅब्राडोर असतो, कुणाकडे पावसात जिन्याखाली सापडलेले गावठी पिल्लू. त्यांना लस द्यावी, जंताचे औषध द्यावे हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. अडचण येते ती पुढे. कुत्रा महिनाभर धड खात नाही, इंजेक्शन दिले की चार दिवस बरा असतो, पुन्हा पडतो. घरात दोन मते होतात. एक म्हणतो, "मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ." दुसरा म्हणतो, "जनावरासाठी एवढा खर्च कशाला? वय झालंय त्याचं." या घोळात दिवस जातात आणि बरा होण्यासारखा आजार हाताबाहेर जातो. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर नेमका हाच प्रश्न घेतला आहे : नेहमीच्या डॉक्टरांपुढे जाऊन मेडिसिनच्या तज्ज्ञाकडे केव्हा जावे, आणि केव्हा जाण्याची गरज नसते?

हे तज्ज्ञ म्हणजे कोण?

माणसांमध्ये एम.बी.बी.एस. झालेले फॅमिली डॉक्टर असतात आणि एम.डी. मेडिसिन केलेले फिजिशियन असतात. प्राण्यांच्या बाबतीतही तसेच आहे. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची मूळ पदवी. इंटर्नशिप धरून हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यानंतर मेडिसिन या विषयात एम.व्ही.एस्सी. केलेले डॉक्टर हे प्राण्यांचे फिजिशियन. शरीराच्या आतल्या अवयवांचे, म्हणजे मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुफ्फुस, आतडी, रक्त आणि हार्मोनच्या ग्रंथी यांचे आजार हा त्यांचा विषय. हाड मोडले, गाठ कापायची आहे, तर सर्जन लागतो. पण जिथे वरून काही दिसत नाही आणि आत काहीतरी बिघडले आहे, तिथे फिजिशियन लागतो.

'स्पेशालिस्ट' ही पाटी कुणीही रंगवून घेऊ शकतो. म्हणून डॉक्टरांची पदवी कोणत्या विषयातली आहे आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकानेच उपचार करायचे असतात. गावोगावचे पशुधन पर्यवेक्षक लसीकरण, प्रथमोपचार ही कामे पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करतात आणि ती महत्त्वाची आहेत. परंतु लांबलेल्या आजाराचे निदान हे त्यांचे काम नाही. तशी अपेक्षा त्यांच्याकडून करणे त्यांच्यावरही अन्याय आहे.

आधी आपले नेहमीचे डॉक्टर

प्रत्येक दुखण्याला तज्ज्ञ लागत नाही. एक-दोन वेळा उलटी झाली पण प्राणी खेळतो-खातो आहे, कान खाजवतो, लहान जखम झाली, जुलाब झाले आणि दोन दिवसांत थांबले, अशा तक्रारी नेहमीचे डॉक्टर नीट सांभाळतात. लस, जंतनाशक आणि नसबंदी हेही त्यांचेच काम. प्राण्याला लहानपणापासून पाहिलेला डॉक्टर असणे ही मोठी गोष्ट आहे. त्याचे वजन किती होते, मागच्या पावसाळ्यात काय झाले होते, हे त्यांच्या नोंदीत असते.

तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे या डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. उलट त्यांनाच विचारावे : "डॉक्टर, पुढे कुणाला दाखवावं असं तुम्हाला वाटतं का? चिठ्ठी द्याल का?" चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. चिठ्ठीत आतापर्यंतची औषधे आणि तपासण्या लिहिलेल्या असल्या की तज्ज्ञाचा वेळ वाचतो आणि आपला पैसाही.

इथे वाट पाहू नये

काही प्रसंगी तज्ज्ञ शोधत बसणेच घातक ठरते. तेव्हा जवळचा जो पशुवैद्यकीय दवाखाना उघडा असेल तिथे लगेच न्यावे :

- बोका वारंवार लघवीला बसतो, ओरडतो, पण थेंबही येत नाही. मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. याला बद्धकोष्ठ समजू नये.
- फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा चोवीस तासांत दोन किंवा अधिक आल्या.
- तोंड उघडे ठेवून धापा टाकतो, जीभ निळसर दिसते. मांजराने तोंडाने श्वास घेणे ही तर नेहमीच गंभीर खूण.
- हिरड्या पांढऱ्या पडल्या, उभे राहता येत नाही.
- लहान पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब. हा पार्व्हो असू शकतो. त्यात सलाईन किती लवकर सुरू होते यावर जगणे-मरणे ठरते.
- उंदराचे विष, कीटकनाशक किंवा माणसाच्या गोळ्या खाल्ल्या.
- नसबंदी न झालेली कुत्री, माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी सुस्त पडली, पाणी फार पिते, योनीतून पू येतो. गर्भाशयात पू झाल्याची ही लक्षणे आहेत. कधी पू बाहेर दिसतही नाही. याला शस्त्रक्रिया लागते.

तज्ज्ञाकडे जाण्याच्या खुणा

*दुखणे परत परत येते.* ही सर्वांत मोठी खूण. उलट्या-जुलाब तीन आठवड्यांहून जास्त दिवस, थांबत-सुरू होत राहिले, तर ते 'काहीतरी खाल्लं असेल' या सदरात बसत नाहीत. आतड्याची जुनाट सूज, स्वादुपिंडाचा दोष, यकृताचा आजार किंवा एखादी गाठ मागे असू शकते. इथे एक आजार सांगण्यासारखा आहे, त्याचे नाव अ‍ॅडिसन. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी पुरेसे हार्मोन तयार करत नाहीत. कुत्रा गळून जातो, ओकतो. सलाईनच्या दोन बाटल्या लावल्या की उठून बसतो आणि घरच्यांना वाटते, बरा झाला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. असे पाच-सहा वेळा होते आणि एखाद्या झटक्यात कुत्रा जातो. रक्तातील सोडियम-पोटॅशियम आणि एक हार्मोनची तपासणी केली तर हा आजार सापडतो. रोजच्या औषधावर असे कुत्रे वर्षानुवर्षे चांगले जगतात.

*तहान आणि लघवी वाढली.* मोजून पाहा. सकाळी मापाच्या भांड्याने पाणी ठेवा आणि चोवीस तासांनी किती उरले ते पाहा. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते जास्त आहे. म्हणजे १० किलोचा कुत्रा दिवसाला लिटरभराहून अधिक पीत असेल तर तपासणी हवीच. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग नावाचा हार्मोनचा आजार अशी अनेक कारणे असू शकतात. घरात लघवी करतो म्हणून कुत्र्याला मारणारी माणसे असतात. त्याला ती आवरत नसते, हे लक्षात घ्यावे. आणि त्याचे पाणी कधीही तोडू नये.

*खातो, तरी वाळत चालला आहे.* जंत नसतील तर मधुमेह, पचनाचा दोष, आतड्याचा आजार यांचा शोध घ्यावा लागतो. दहा वर्षांच्या पुढचे मांजर भरपूर खाऊनही हडकुळे होत असेल, रात्री ओरडत असेल, तर थायरॉईड वाढले आहे का हे तपासावे. याउलट मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर तेही गंभीर आहे. लठ्ठ मांजराच्या यकृतात अशा उपासाने चरबी साठते आणि तोच एक वेगळा आजार होऊन बसतो. 'भूक लागली की खाईल' हा हिशेब मांजराला लागू पडत नाही.

*गोचीडताप हटत नाही.* आपल्याकडे कुत्र्यांचा हा नित्याचा आजार. तपकिरी गोचीड चावल्यातून एर्लिकिया, बबेसिया यांसारखे जंतू रक्तात शिरतात. ताप, सुस्ती, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके, कॉफीच्या रंगाची लघवी, यांपैकी काही दिसते. प्लेटलेट घसरतात. घोटाळा असा होतो की हे जंतू वेगवेगळे आणि त्यांची औषधेही वेगवेगळी, पण सगळ्यांना सरसकट 'गोचीडताप' म्हणून एकच इंजेक्शन दिले जाते. शिवाय एर्लिकियाच्या गोळ्या साधारण चार आठवडे घ्यायच्या असतात. आठव्या दिवशी कुत्रा खायला लागतो आणि घरचे गोळ्या बंद करतात. जंतू शरीरात दबून राहतात आणि काही महिन्यांनी अस्थिमज्जेवर घाला घालतात. रक्ताच्या काचपट्टीवर जंतू दिसला नाही म्हणजे तो नाहीच असेही नाही. पीसीआर तपासणी लागू शकते. पूर्ण औषध घेऊनही प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन वर येत नसेल तर तज्ज्ञाला दाखवावे. रक्त चढवण्याचा निर्णयही त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावा. मांजराला तर रक्तगट जुळवल्याशिवाय पहिल्यांदाही रक्त देऊ नये.

*डोळे-हिरड्या पिवळ्या, किंवा पोट फुगलेले.* कावीळ हे लक्षण आहे. यकृत बिघडले, पित्तमार्ग अडला किंवा रक्तपेशी फुटू लागल्या, यांपैकी कशानेही ती होते. पोटात पाणी साठले तर यकृताबरोबर हृदयही पाहावे लागते. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या मूत्रपिंडावर आणि यकृतावर एकदम घाव घालतो. तो माणसालाही होतो, म्हणून असा संशय असेल तर कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करावी आणि लहान मुलांना दूर ठेवावे. याची लस दरवर्षी घ्यायची असते. पाणी तुंबणाऱ्या, उंदरांचा सुळसुळाट असलेल्या वस्तीत ती चुकवू नये.

*रात्रीचा खोकला आणि धाप.* पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत म्हातारपणी हृदयाची झडप गळू लागते. डॉबरमनमध्ये हृदयाचा स्नायूच कमजोर होतो. घरी करता येण्याजोगी एक सोपी तपासणी आहे. कुत्रा गाढ झोपला असताना घड्याळ लावून मिनिटभर छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. ३० च्या आत असेल तर ठीक. रोज ३० च्या वर जात असेल तर एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी करायला हवी. हृदयाच्या रुग्णाच्या घरी ही नोंद रोज ठेवली तर फुफ्फुसात पाणी भरण्याच्या आधीच आपण सावध होतो.

*किडनीचा रिपोर्ट.* क्रिएटिनीन वाढलेले दिसते तेव्हा मूत्रपिंडाचे सुमारे तीन-चतुर्थांश काम आधीच गेलेले असते. म्हणून 'थोडंच वाढलंय' असे म्हणून रिपोर्ट घडी घालून ठेवू नये. लवकर कळले तर खास आहार, रक्तदाबाचे औषध, लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांवर उपचार यांनी बरीच वर्षे मिळू शकतात. सात वर्षांपुढच्या कुत्र्या-मांजराची वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासणी करावी, ती यासाठीच.

या साऱ्याबरोबर एक वाक्य घरातून काढून टाकावे : "म्हातारा झालाय, आता असंच चालायचं." म्हातारपण हे वय आहे, आजाराचे नाव नाही. जो कुत्रा वयामुळे उठत नाही असे आपण समजतो, त्याचे थायरॉईड कमी असू शकते, सांधे दुखत असू शकतात, रक्त कमी असू शकते. या तिन्हींवर उपचार आहेत.

घरातली गोळी, दवाखान्यातले स्टेरॉईड आणि अंगारा

कुत्र्याचे अंग गरम लागले म्हणून तापाची गोळी देणारी घरे कमी नाहीत. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांदा-लसणाचा रस्सा पोळीत कुस्करून घालण्याची सवयही सोडावी. कांद्याने त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

दुसरी गोष्ट स्टेरॉईडची. ते वाईट औषध नाही. काही आजारांत तेच जीव वाचवते. परंतु निदान न करता दिलेले स्टेरॉईड आजार झाकून टाकते. भूक लागते, ताप उतरतो, घरचे खूश होतात. मागून तपासणी केली तर हार्मोनचे रिपोर्ट फसवे येतात. लसिकाग्रंथींचा कर्करोग असेल तर तो ओळखणेही अवघड होते आणि पुढच्या औषधांना दाद देईनासा होतो. मधुमेह असेल तर साखर भडकते. म्हणून विचारावे : "या इंजेक्शनात स्टेरॉईड आहे का? ते देण्याआधी कुठली तपासणी करून घ्यावी का?" इंजेक्शनचे नाव केसपेपरवर लिहून मागावे. तो आपला हक्क आहे.

तिसरी गोष्ट आपल्या समाजाला सांगण्याची वेळ येऊ नये, तरी सांगावी लागते. नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळणे, फिट आली म्हणून कुणाकडून अंगारा आणणे, गळ्यात दोरा बांधणे हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही कधी कधी दिसते, आणि तेही जनावरांच्या बाबतीत अधिक, कारण जनावराचे कोण विचारणार! संविधानाच्या कलम ५१-क मध्ये, १९७६ साली समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत, प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन कर्तव्ये एकापाठोपाठ एक आली आहेत. आजारी प्राण्याच्या घरी ही दोन्ही एकदमच पाळावी लागतात. दया आहे पण तपासणी नाही, तर प्राणी मरतो.

मुक्या रुग्णाचा शुश्रूषक

विनयपिटकातील महावग्गात तथागतांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केल्याची हकीकत आहे. त्याच ठिकाणी सोपा रुग्ण कोण आणि चांगला शुश्रूषक कोण, याचीही गणना आहे. सोपा रुग्ण आपले दुखणे जसे आहे तसे सांगतो : वाढले तर वाढले, कमी झाले तर कमी झाले. चांगल्या शुश्रूषकाला काय मानवते आणि काय नाही हे कळते. तो मैत्रचित्ताने सेवा करतो, लोभाने नाही. त्याला मलमूत्राची, वांतीची किळस येत नाही.

कुत्रा-मांजर हा न बोलणारा रुग्ण आहे. 'वाढले, कमी झाले' हे त्याच्या वतीने आपल्याला सांगायचे आहे, आणि त्यासाठी शी, लघवी, उलटी नीट पाहावी लागते. शीचा रंग काळा होता की लाल? उलटीत अन्न होते की नुसता पिवळा फेस? खाल्ल्यावर किती वेळाने झाली? लघवी थेंब थेंब की धारेने? तज्ज्ञ पहिली वीस मिनिटे हेच विचारतात, आणि पुष्कळदा अर्धे निदान तिथेच होते. म्हणून घरात जो रोज खायला घालतो, फिरवतो, त्यानेच दवाखान्यात जावे. पुष्कळ घरांत ते काम आजी किंवा मुलगी करते आणि दवाखान्यात मात्र दुसराच कुणीतरी जातो. मग प्रत्येक प्रश्नाला 'घरी विचारून सांगतो' असे उत्तर येते.

जाताना हे बरोबर घ्यावे :

- आतापर्यंतचे सर्व केसपेपर, रिपोर्ट, एक्स-रे, तारखेच्या क्रमाने.
- चालू असलेल्या आणि बंद केलेल्या औषधांची पाकिटे.
- लसीकरणाचे कार्ड आणि मागची वजने.
- खोकला, फिट, लंगडणे यांचे मोबाईलवरील चित्रण. दवाखान्यात गेल्यावर प्राणी घाबरून नॉर्मल वागतो, म्हणून हे फार उपयोगी पडते.
- त्याच दिवशीच्या शीचा नमुना, स्वच्छ डबीत.
- कुत्र्याला पट्टा आणि तोंडाची जाळी, मांजराला झाकणाची टोपली.

उपाशी आणायचे का, हे फोन करून विचारावे. मधुमेही प्राण्याला आणि लहान पिल्लाला विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नये.

तिथे काय होते आणि खर्चाचे काय?

तज्ज्ञ आधी नाकापासून शेपटीपर्यंत हाताने तपासतात. मग शक्य असलेल्या आजारांची यादी मनात धरून एकेक तपासणी सांगतात : रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी. गरज पडली तर हार्मोनची तपासणी, गाठीतून सुईने काढलेला नमुना, दुर्बिणीने आतड्याची पाहणी.

खर्चाची भीती खरी आहे आणि ती लपवण्यात काही कमीपणा नाही. महिन्याच्या पगारात घर, मुलांच्या फिया आणि आई-वडिलांची औषधे भागवणाऱ्या माणसाने कुत्र्याच्या तपासण्यांना किती द्यायचे, हा प्रश्न निर्दयपणाचा नाही. तो पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावा. "आमच्याकडे एवढी सोय आहे. त्यात सर्वांत महत्त्वाची तपासणी कोणती?" आणि प्रत्येक तपासणीआधी आणखी एक प्रश्न : "हिचा रिपोर्ट आला तर उपचार बदलणार आहे का?" उत्तर 'नाही' असेल तर ती तपासणी पुढे ढकलता येते. टप्प्याटप्प्याने जाता येते. निदानाशिवाय सहा महिने दिलेल्या इंजेक्शनांचा खर्च जोडून पाहिला, तर तो पुष्कळदा एका नीट तपासणीपेक्षा जास्त भरतो.

नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालये हा आपल्यासाठी मोठा आधार आहे. १८८६ साली सुरू झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याजवळचे शिरवळ इथेही महाविद्यालये आहेत, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. तिथल्या चिकित्सालयांत मेडिसिनचे प्राध्यापक रुग्ण पाहतात आणि शुल्क खाजगीपेक्षा कमी असते. वेळ लागतो, रांग असते, विद्यार्थी पुन्हा पुन्हा तपासतात. ते सोसण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. तिथे आधी विचारावे. गावाकडे शेळी, गाय, म्हैस पाळणाऱ्यांनी १९६२ हा शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक लक्षात ठेवावा. शेळीचे दुखणे हा तर घराच्या पोटाचाच प्रश्न असतो.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या, अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याची नोंद आहे. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्याचेही त्यात आहे. सरकारी पशुदवाखान्यात औषध नाही, डॉक्टर जागेवर नाही, अशी स्थिती असेल तर ग्रामसभेत, नगरसेवकाकडे तो विषय मांडण्यात म्हणूनच काही गैर नाही.

बरे होणार नसेल तर

तज्ज्ञाकडे जाण्याचा एक उपयोग असाही आहे की ते खरे सांगतात. काही आजार बरे होतात. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असे काही बरे होत नाहीत, पण आटोक्यात राहतात. कुत्र्याला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचायला आठवीतली मुलगीही मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकते. आणि काही आजारांत दोन्ही शक्य नसते.

तेव्हा दयामरणाचा प्रश्न उभा राहतो आणि पंचशील घेतलेल्या घरात तो जड जातो. पहिले शील एकीकडे, डोळ्यांसमोरची तडफड दुसरीकडे. धम्मात चेतनेला, म्हणजे हेतूला, मध्यवर्ती स्थान आहे, एवढे लक्षात ठेवून प्रत्येक कुटुंबाने डॉक्टरांशी आणि आपसांत बोलून निर्णय घ्यावा. घाईत मात्र घेऊ नये, आणि निदान झाल्याशिवाय तर मुळीच नाही. वेदना कमी करणारी औषधे, पोटातले पाणी काढणे, मऊ अंथरूण, हाताने भरवणे हाही उपचारच आहे. तो प्राणी अजून खातो का, स्वतः उठून लघवीला जातो का, हाक मारली की मान वर करतो का, हे रोज वहीत लिहावे. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा वाढले की निर्णयाला आधार मिळतो.

आजारी कुत्र्याला गाडीत घालून हायवेवर किंवा मटण मार्केटजवळ सोडून येणे हा मार्ग मात्र कुणीही पत्करू नये. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे गुन्हा आहे. शीलाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात दया नाही आणि धैर्यही नाही.

कापून फ्रिजवर लावण्यासाठी

१. तीन आठवड्यांहून लांबलेले किंवा तिसऱ्यांदा परतलेले दुखणे : तज्ज्ञाकडे.
२. दर किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पिणारा कुत्रा : तपासणी.
३. गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास, रोज : तपासणी.
४. महिन्यातून एकदा वजन. कारणाशिवाय घटत असेल तर : तपासणी.
५. लघवी बंद, धाप, लांबलेली फिट, पांढऱ्या हिरड्या : जवळच्या दवाखान्यात, आत्ताच.
६. माणसाची गोळी : कधीच नाही.
७. कुत्रा-मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि माणसाच्या दवाखान्यात त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी, चावणारा प्राणी घरचा असला तरीही.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेला जमाल तेव्हा शेजारच्यांना विचारा, त्यांच्या कुत्र्याचे वजन किती आहे. बहुतेकांना सांगता येणार नाही. सुरुवात तिथूनच करता येईल.

जयभीम.